एकसष्ट आणि पंचावन्न यांच्यामध्ये

१

मनोरमाबाईंच्या छातीत कळ आली तेव्हा हॉस्पिटल आमच्या क्वार्टर्सपासून दीड किलोमीटरवर होतं. अँब्युलन्स पोर्चमध्ये उभी होती. ड्रायव्हर जेवून बाकावर टेकला होता. आणि तरीही अँब्युलन्स हलायला सव्वीस मिनिटं लागली. हा आकडा माझा नाही, मशीनने नोंदवलेला आहे, नाहीतर म्हणाल नलिनीबाई तिखटमीठ लावून सांगतात.

गुरुवारची दुपार, मे महिना, साल दोन हजार सहा. भोपाळच्या मे महिन्यात दुपारी दोन वाजता आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये चिटपाखरू नसतं. घरोघरी कूलर घरघरत असतात आणि माणसं खसच्या वासात आडवी झालेली असतात. मीही पडले होते. तेवढ्यात दार धडाधडा वाजलं.

दारात शेजारचे काशिनाथ टिपणीस, मनोरमाबाईंचे यजमान. पायात चप्पल नाही. काशिनाथराव म्हणजे कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात तीस वर्षं रेघा मारलेला माणूस, बनियनवर कधी व्हरांड्यातसुद्धा न आलेला. ते त्या दिवशी बनियनवर होते.

"नलिनीबाई, हॉस्पिटल फोन उचलत नाहीये हो. तीनदा लावला. नुसती रिंग जाते. ही घामाने भिजलीय..."

मी माझ्या फोनकडे धावले आणि सटासट चार बटणं दाबली. सहा, एक, पाच, पाच. दुसरी रिंग जायच्या आत सिस्टरने उचलला. पाच मिनिटांत अँब्युलन्स आली.

मनोरमाबाई वाचल्या. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. संध्याकाळी काशिनाथराव माझ्या खुर्चीत बसून राहिले. समोरचा चहा गार झाला.

"मी नेहमीसारखाच लावला होता," ते म्हणाले. "नीट, सावकाश, तुम्ही शिकवलात तसा. मग चुकला कसा?"

मी म्हटलं, "चुकला नसेल. सिस्टर झोपली असेल."

पण सिस्टर झोपली नव्हती. त्या दुपारी माझ्याआधी तिच्या टेबलावरचा फोन वाजलाच नव्हता. काशिनाथरावांचे तिन्ही फोन भलतीकडेच वाजत होते, हे शुक्रवारी सकाळी सगळ्या टाउनशिपला कळलं. त्याबरोबर गुन्हेगाराचं नावही कळलं.

२

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. मी नलिनी रायरीकर. टाउनशिपच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं ऑपरेटर आणि शेवटी सुपरवायझर. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मुलगा इथेच कारखान्यात आहे, त्याच्या क्वार्टरमध्ये राहते. कुठल्या घरात कोण आजारी, कुणाचा जावई रुसलाय, हे मला माणसांच्या आधी त्यांच्या फोनवरून कळायचं. आणि मी ते कधी कुणाला सांगितलं नाही, हेही इथेच लिहून ठेवते.

यंदा मार्चमध्ये माझं एक्स्चेंज काढून टाकलं. त्या खोलीत कपाटाएवढं एक धूड आणून ठेवलं, त्याला राउटर म्हणतात. आता सगळ्या घरांचे फोन तोच जोडतो. तो बसवायला आणि शिकवायला एक इंजिनिअर मुलगी आली, कांचन वाघोलीकर, ग्वाल्हेरची. सव्वीस वर्षांची, जीन्स घालणारी. मला ती आवडली नव्हती. खरं कारण सांगायचं तर ती माझ्या खुर्चीत बसत होती.

तर गुन्हेगार ही कांचन. चौकशी लागली होती. सोमवारी अकरा वाजता उपव्यवस्थापक सुभाष दातीर यांच्यासमोर हजर व्हायचं होतं. मुलगी अजून प्रोबेशनवर, म्हणजे कायम झालेली नाही. शेरा मारून काढलं की दुसरी कुठलीही सरकारी कंपनी दारात उभं करणार नाही.

मी शुक्रवारी एक्स्चेंजच्या खोलीत गेले. खोटं कशाला बोलू, थोडी मजा बघायलाच गेले. माझ्या एक्स्चेंजने बत्तीस वर्षांत असला घोळ कधी घातला नव्हता.

कांचन कागदांच्या ढिगात बसली होती. डोळे सुजलेले, पण कागद मात्र ओळीने लावलेले. ते बघून मला कुठेतरी बरं वाटलं. काम करणारं माणूस रडताना पण कागद नीट ठेवतं.

"काकू, बसा ना," ती म्हणाली. "मी दोनशे वेळा टेस्ट केलं, कसम से. काल रात्री टिपणीस काकांच्या घरी जाऊन त्यांच्याच फोनवरून दहा वेळा लावला. हर बार सीधा हॉस्पिटल!"

"मग त्या दिवशी कुठे गेला?"

"सामुदायिक भवनात. हॉलमध्ये. हे बघा, दोन सात, दोन पंधरा, दोन बावीस. रिकाम्या हॉलमध्ये फोन वाजत राहिला."

"हॉस्पिटलचा फोन हॉलमध्ये कसा वाजेल?"

तिने कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मला काढून दाखवलं. राउटरला आधीच नियम देऊन ठेवायचे असतात: अमुक आकडे आले तर कॉल अमुक दिशेला पाठव. ६१ आणि पुढे आणखी दोन आकडे आले तर तो नंबर हॉस्पिटलचा. नुसतेच ६१ आले तर तो सामुदायिक भवनाचा.

"दोन्ही सहा-एकनेच सुरू होतात," मी म्हटलं. "मग त्या बिचाऱ्याने ओळखायचं कसं?"

"तो थांबतो ना, काकू. ६१ दाबलं की तीन सेकंद वाट बघतो. पुढचे आकडे आले तर हॉस्पिटल. नाहीच आले तर समजतो, यांना हॉलच हवाय."

"मग सरळ आहे. काशिनाथराव घाबरले असतील, मध्येच थांबले असतील."

"मला पण हेच वाटलं. मी विचारलं त्यांना. काका, मध्ये थांबला होतात का? ते म्हणाले, छे, मी कशाला थांबेन? तीनदा विचारलं. तीनदा नाहीच म्हणाले."

इथे माझी मजा संपली. काशिनाथराव खोटं बोलत नाहीत. ड्रॉइंगमध्ये अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर स्वतः जाऊन साहेबाला सांगणारा माणूस. ते थांबलो नाही म्हणाले म्हणजे थांबले नाहीत.

"आणि एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाहीये अजून," कांचनने एक कागद पुढे सरकवला. "टिपणीस काका एकटे नाहीयेत."

३

कागदावर अकरा क्वार्टर्सचे नंबर होते. दहा मेपासून या अकरा घरांतून एकेचाळीस फोन हॉलवर गेले होते. हॉलचं बुकिंग करायला कुणी पंधरा दिवसांत चार-चार फोन करत नाही. हे सगळे हॉस्पिटलसाठी निघालेले फोन होते.

"दहा तारखेच्या आधी?"

"एक पण नाही."

"मग दहा तारखेला काय केलंस तू?"

ती खाली बघत म्हणाली, "थोडी सेटिंग बदलली. माझ्याच लॉगिनने. माझ्याच हाताने."

"का बदललीस?"

"बदलली, काकू. जाऊ दे ना."

फोनवर बत्तीस वर्षं माणसं ऐकली मी. कुणाला तरी पाठीशी घालताना माणसाचा आवाज कसा खाली येतो ते मला कुणी सांगायला नको. मी यादीची एक प्रत पदराखाली घेतली आणि उठले.

आधी गेले दत्तूकडे. दत्तू आमचा निवृत्त लाइनमन, टाउनशिपमधली प्रत्येक तार त्याच्या हातून गेलेली. यादीत त्याचंही क्वार्टर होतं. तो करोंदच्या मंडीतून वर्षाचा गहू घेऊन नुकताच आला होता आणि अंगणात पोती मोजत होता.

"बाई, तारांची भेसळ असणार," तो ठामपणे म्हणाला. "हॉलची जोडी हॉस्पिटलच्या जोडीला चिकटली असेल. मी आजच बघतो."

"ते बघ. पण आधी मला सांग, तुझा फोन हॉलवर गेला होता की नाही?"

दत्तूने मोजणं सोडलं. मग त्याने आत बघितलं, बायको ऐकत नाही याची खात्री केली.

"चारदा गेला," तो हळूच म्हणाला. "गुडघ्याच्या गोळ्यांसाठी लावत होतो. दर वेळी तो हॉलचा रमेश उचलायचा. मला वाटलं, माझंच बोट चुकतंय. हात कापतो हल्ली. मग नातीला लावायला सांगितलं. तिचा लागला बरोबर."

"मग तक्रार का नाही केलीस? तू लाइनमन ना रे?"

"लाइनमन होतो म्हणूनच नाही केली, बाई. लोक म्हणाले असते, दत्तूला आता नंबरसुद्धा लावता येत नाही."

मी आणखी पाच घरं फिरले. सगळीकडे हीच रड. प्रत्येकाला वाटलं होतं, चूक आपलीच. कुणी चष्म्याला दोष दिला होता, कुणी वयाला. प्रत्येकाने गुपचूप मुलाकडून किंवा सुनेकडून फोन लावून घेतला होता आणि ब्र काढला नव्हता. मला इतका राग आला म्हणून सांगू! एकानेही तोंड उघडलं असतं तर मनोरमाबाई सव्वीस मिनिटं तळमळल्या नसत्या.

संध्याकाळी दत्तू धुळीने माखून आला. "तारा स्वच्छ आहेत, बाई. भेसळ नाही."

म्हणजे तारांचा दोष गेला. सिस्टरचा दोष आधीच गेला होता. राहिला हॉलचा रमेश, तिथला चौकीदार. तो दुपारी एक ते चार कुलूप लावून घरी जातो. मी शनिवारी सकाळीच त्याला गाठलं.

"अम्माजी, पंधरा दिन से परेशान हूँ," रमेश म्हणाला. "उठाओ तो पूछते हैं, डॉक्टर साहब हैं क्या? मैं क्या डॉक्टर हूँ? पहले ऐसा नहीं था. जब से साहब ने फोन जल्दी करवाया, तब से शुरू हुआ."

माझे कान टवकारले. "कौन साहब?"

"अपने सुभाष साहब. भवन समिति के सेक्रेटरी. बोलते थे, इकसठ लगाओ तो दस सेकंड सन्नाटा. लोग समझते हैं फोन बंद है. फिर उस मैडम को बोलके जल्दी करवा दिया."

सुभाष दातीर. सोमवारी कांचनची चौकशी करायला बसणारे सुभाष दातीर.

४

घरी आले आणि चहा न पिता विचार करत बसले. माझी सून म्हणाली, "आई, काय झालं?" मी म्हटलं, "आत्ता माझ्याशी बोलू नकोस."

दहा सेकंदांचे तीन सेकंद झाले. कुणी केले, कुणासाठी केले, कळलं. पण तेवढ्याने कोडं सुटत नव्हतं. दातीरसाहेबांच्या हट्टाने मशीनची वाट बघायची वेळ कमी झाली, ठीक. पण चार बटणं दाबायला तीन सेकंद कुणाला कमी पडतात? थांबणारा माणूस हवा ना! आणि काशिनाथराव म्हणतात मी थांबलो नाही. मी विचारलं तेव्हा दत्तूही तेच म्हणाला, बाकीचेही.

बरं, म्हातारी माणसं हळू हात चालवतात म्हणावं, तर समोरच्या सुमित्राबाई बहात्तर वर्षांच्या. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी रोज हॉस्पिटलला फोन लावतात. एक बटण दाबतात, चष्मा सारखा करतात, दुसरं शोधतात. यादीत त्यांचं नाव नाही. मी जाऊन त्यांना लावायला सांगितला. बटणामागून बटण, हळूहळू पण सारख्या चालीने. लागला हॉस्पिटललाच.

दातीरसाहेबांच्या सासूबाई सत्तरच्या पुढच्या, त्याही यादीत नाहीत. आणि पलीकडचे एक वर्माजी फक्त एकोणसाठ वर्षांचे, अजून नोकरीत, तरी यादीत.

म्हणजे प्रश्न वयाचा नव्हता. मग या अकरा जणांत सारखं काय?

मी यादी पुन्हा वाचायला घेतली. क्वार्टर नंबर वाचला की मला माणूस दिसतो, ही जुनी सवय. टिपणीस, चौऱ्याहत्तर साली आले. दत्तू, बहात्तर. वर्माजी, ब्याऐंशी, नवीन लग्न होऊन आले होते, बायको फोनला घाबरायची. पुढचे अठ्ठ्याहत्तर. त्यापुढचे पंच्याऐंशी. मी पेन्सिलीने प्रत्येकासमोर साल लिहीत गेले. मग यादीबाहेरच्यांचं साल काढलं. सुमित्राबाई मुलाकडे पंच्याण्णवला आल्या. दातीर एक्क्याण्णवला.

अकराच्या अकरा घरं एकोणनव्वद सालच्या आधी आलेली.

एकोणनव्वद साली आमच्या टाउनशिपमध्ये काय बदललं होतं ते मला कुणाला विचारायची गरज नव्हती. त्या वर्षी जुनं, चक्री फिरवायचं, खटखट करणारं एक्स्चेंज जाऊन बटणांचं नवीन आलं होतं. मी पेन्सिल खाली ठेवली. या अकराही घरांत फोन बसवल्यावर तो लावायचा कसा हे शिकवायला एकच बाई गेली होती.

ती मी होते.

५

रविवारी सकाळी मी कांचनला घेऊन काशिनाथरावांकडे गेले. फोनजवळ त्यांची डायरी उघडी होती. त्यांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात हॉस्पिटलचा नंबर लिहिलेला: ६१, मग बोटभर जागा सोडलेली, मग ५५. ही डायरी मी शंभर वेळा पाहिली होती.

"काशिनाथराव, हॉस्पिटलला फोन लावा."

ते मागे सरकले. "नको, नलिनीबाई. त्या दिवसापासून मी हात लावलेला नाही त्याला. मनोरमेला काही झालं असतं तर... नको."

"तिच्या वॉर्डात लावा. तुमचा आवाज ऐकायचाय तिला. लावा."

त्यांनी रिसीव्हर उचलला. सहा दाबला. एक दाबला. मग मान किंचित तिरकी केली, रिसीव्हर कानाशी घट्ट धरला आणि ओठ हलवू लागले.

कांचनने माझा हात घट्ट पकडला.

त्यांनी मग पुढचे आकडे दाबले. पलीकडून रमेशचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "सामुदायिक भवन! बोलिये!"

काशिनाथरावांनी रिसीव्हर खाली ठेवला. "बघा. पुन्हा चुकलो."

"चुकला नाहीत," मी म्हटलं. "ओठांनी काय पुटपुटलात?"

"पाच मोजले."

"पण काका!" कांचन जवळजवळ ओरडलीच. "मी तुम्हाला विचारलं होतं ना, मध्ये थांबता का म्हणून?"

"थांबलो कुठे, बेटा? पाच मोजायचे असतात. नंबर असाच लावतात." आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "या बाईंनीच शिकवलंय. दोन फिरवा, टुक होऊ द्या, टुक ऐकू नाही आलं तर पाच मोजा, मग उरलेले दोन."

मी कांचनला सगळं सांगितलं. जुन्या एक्स्चेंजमध्ये पहिले दोन आकडे फिरवल्यावर यंत्र पुढची वाट मोकळी करायचं. वाट मोकळी झाली की कानात एक बारीकसा आवाज यायचा, टुक. त्याच्या आधी पुढचा आकडा फिरवला की नंबर चुकायचा. लाइन खरखरायची, टुक कित्येकदा ऐकूच यायचं नाही. म्हणून मी सगळ्यांना पाच मोजायला लावायची. दारोदार जाऊन शिकवलं मी ते. बायकांना स्वयंपाकघरात, पुरुषांना व्हरांड्यात. वर्माजींच्या नव्या नवरीचं बोट माझ्या हातात धरून.

"मग एकोणनव्वदला नवीन आलं तेव्हा सांगितलं नाहीत, आता थांबू नका म्हणून?" कांचनने विचारलं.

"नाही सांगितलं. त्या एक्स्चेंजला थांबलेलं चालायचं. मी म्हटलं, चालतंय ना, राहू दे. आमच्या खोलीत की-बोर्ड आला, माझी स्वतःची सवय आठवड्यात मोडली. यांची आपोआप कशी मोडणार?"

सतरा वर्षं ही माणसं न येणाऱ्या टुकसाठी पाच मोजत राहिली होती. दहा सेकंद वाट बघणाऱ्या राउटरलाही ते चाललं. तीन सेकंदवाल्याला चाललं नाही. थांबलात का म्हणून विचारलं तर ते नाही म्हणणारच, त्यांच्या लेखी पाच मोजणं हा नंबरचाच भाग होता.

कांचन हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मग एकदम गंभीर झाली.

"पण काकू, सोमवारी काय सांगायचं? दहाचे तीन मीच केले. साहेब तोंडी बोलले होते, कागद नाही. मी त्यांचं नाव घेतलं तर म्हणतील, लडकी झूठ बोल रही है."

"तू कुणाचंच नाव घेऊ नकोस," मी म्हटलं. "नाव मी घेते."

६

सोमवारी अकराला मी न बोलावता दातीरसाहेबांच्या खोलीत शिरले. टेबलाच्या पलीकडे दातीर आणि कार्मिक विभागाच्या उषा मॅडम. अलीकडे कांचन, एकटी, मांडीवर फाइल घट्ट धरून. शिपाई मला अडवायला आला होता. त्याच्या वडिलांना फोन लावायला मीच शिकवलं होतं, तो काय अडवणार!

"नलिनीताई, ही चौकशी आहे," दातीर म्हणाले.

"म्हणूनच आले. गुन्हेगार घेऊन आलेय. लिहा, मॅडम. नलिनी रायरीकर, निवृत्त सुपरवायझर."

उषा मॅडमचं पेन थांबलं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. अकरा घरं, अकरा सालं, टुक, पाच मोजणं. यादी टेबलावर ठेवली. काशिनाथरावांच्या डायरीचं ते पान ठेवलं, मधल्या बोटभर जागेसकट.

"एकोणनव्वद साली ही सवय मोडणं माझं काम होतं," मी म्हटलं. "मी आळस केला. त्या माणसांनी माझ्यावर विश्वास ठेवला म्हणून त्यांचे फोन चुकले. या मुलीला कसं कळणार होतं की या गावात नंबरच्या पोटात पाच आकडे मोजतात म्हणून? ते कुठल्याही पुस्तकात नाही. ते माझ्या डोक्यात होतं आणि मी निवृत्त होताना घरी घेऊन गेले. शेरा मारायचा असेल तर माझ्या नावावर मारा."

उषा मॅडम म्हणाल्या, "पण दहाचे तीन सेकंद का केले, हा प्रश्न उरतोच. कांचन?"

कांचन मांडीवरची फाइल सरळ करू लागली. मी दातीरांकडे बघितलं नाही. मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिले. कूलरमधून पाणी ठिबकत होतं, त्याचा आवाज येत होता. वाईट माणूस नाही तो. शाहपुऱ्याला नवीन घर बांधतोय, बढतीची वाट बघतोय, घाबरतो. हॉलवर मुलांची उन्हाळी शिबिरं त्यानेच सुरू केली. पण त्या खोलीत मी मनातल्या मनात मोजत होते आणि पाचच्या पुढे गेले होते.

"मीच सांगितलं होतं तिला," दातीर अचानक म्हणाले. कपाळ रुमालाने पुसलं. "हॉलचा फोन लवकर लागावा म्हणून. तोंडी सांगितलं. ती म्हणाली होती, साहेब, आधी महिनाभर लोक कसे लावतात ते बघू. मीच घाई केली. मॅडम, हे पण लिहा."

उषा मॅडमनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "मी आज सकाळी एक गुन्हेगार शोधायला आले होते," त्या म्हणाल्या. "इथे तर रांग लागलीय." आणि त्यांनी कांचनची फाइल बंद केली. शेरा न मारता.

बाहेर आल्यावर कांचन माझ्या पाया पडायला वाकली. मी तिचा दंड धरून उभी केली. "पाया काय पडतेस? त्या अकरा जणांना आता पाच मोजू नका म्हणून सांगायचंय मला. चल बरोबर, दारोदार."

"नको, काकू," ती म्हणाली. "रहने दो. मला दोन दिवस द्या."

बुधवारी तिने बोलावलं, पण एक्स्चेंजच्या खोलीत नाही, काशिनाथरावांच्या घरी. दत्तू आला होता, वर्माजी सपत्नीक आले होते. हॉलचा दोन आकडी नंबर तिने काढून टाकला होता आणि वेगळ्याच आकड्यांनी सुरू होणारा चार आकडी दिला होता. ६१ म्हणजे आता फक्त हॉस्पिटल. राउटर वाट बघणार पंधरा सेकंद.

"आणि एक छोटीसी चीज अजून आहे," ती म्हणाली. "काका, लावा."

काशिनाथरावांनी सहा दाबला. एक दाबला. सवयीने मान तिरकी केली, ओठ हलायला सुरुवात झाली. आणि एकदम थांबले. डोळे मोठे झाले.

त्यांनी रिसीव्हर माझ्या कानाला लावला.

ती मला काही बोलली नव्हती. दोन आकड्यांनंतर नवा टोन द्यायची सोय त्या धुडात असते म्हणे, कुणी वापरत नाही. तिने वापरली. आत बारीक, स्पष्ट आवाज होता. टुक. सतरा वर्षांनी. मला वाटलं होतं, तो आवाज आता फक्त माझ्याच कानात उरलाय.

मी रिसीव्हर परत दिला, कारण मला काही दिसत नव्हतं. त्यांनी मनोरमाबाईंच्या वॉर्डचे उरलेले दोन आकडे दाबले.

"मनोरमा? मी बोलतोय. अगं, टुक झालं! खरंच झालं. नाही, नलिनीबाईंनी नाही, त्यांच्या मुलीने केलं."

कांचनला त्यांनी माझी मुलगी म्हटलं, हे तिथे कुणी दुरुस्त केलं नाही. मीही नाही.